रूळ बदलल्यावर

मनमाड स्टेशनावर एके काळी हमालांची मोठी चलती होती. मुंबईची गाडी साडेपाच फूट रुंदीच्या रुळांवरून येई, तर निजामाच्या मुलखातून येणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे अवघ्या एक मीटर रुंदीच्या रुळांवरून. १९०० च्या सुमारास ही लाइन सुरू झाली आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षे औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, मुंबईला निघालेला माणूस मनमाडला ट्रंका, वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन गाडी बदलीत राहिला. मालाचेही तेच. एका वाघिणीतून काढा, दुसरीत भरा. १९९० नंतरच्या दशकात आमचे रूळ रुंद झाले. मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण त्या धाकट्या रुळांवरचे डबे? त्यांचे लोखंड काही एका रात्रीत गंजले नव्हते. रूळ तेवढे बदलले होते.

संगणकाच्या दुनियेत रूळ असेच बदलत आले आहेत. फक्त तिथे शिटी होत नाही. प्रिंटर किंवा स्कॅनर संगणकाशी थेट बोलत नाही. मधे ‘ड्रायव्हर’ नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम लागतो. नाव गाडी हाकणाऱ्याचे, पण काम मनमाडच्या हमालाचे. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की हमालही बहुधा नवा लागतो, आणि तो द्यायचा यंत्र बनवणाऱ्या कंपनीने. कंपनीला नवे यंत्र विकायचे असते. ती जुन्यासाठी हमाल कशाला ठेवील? २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा घरोघरचे कितीतरी धडधाकट प्रिंटर आणि स्कॅनर मुके झाले. बत्तीस बिटांची सिस्टिम जाऊन चौसष्ट बिटांची आली तेव्हा पुन्हा तोच प्रकार.

या कहाणीचे एक मूळ अमेरिकेत, एमआयटीच्या प्रयोगशाळेत सापडते. १९८० च्या सुमारास तिथे झेरॉक्सचा एक नवा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडके. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रॅमरने आधीच्या प्रिंटरला अशी युक्ती शिकवली होती की कागद अडला की ज्याचे काम अडले त्याला निरोप जाई. नव्या प्रिंटरला तीच युक्ती शिकवायची, तर त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर हवा. तो ज्याच्यापाशी होता त्याने कंपनीला वचन दिले होते. त्याने साफ नकार दिला. ही चीड स्टॉलमनच्या मनात घर करून राहिली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ‘ग्नू’ या सर्वांसाठी खुल्या सिस्टिमची घोषणा केली, आणि १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. एका अडकलेल्या कागदाने एवढे केले!

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ माझ्या जुन्या संगणकाला उंबऱ्याबाहेरच उभे करीना. तेव्हा मी त्यावर लिनक्स घातले. प्रिंटर पहिल्याच दिवशी चालला. अडला तो वीस वर्षांचा स्कॅनर, आणि तोच मला हवा होता. आमच्या शाळेची जुनी हस्तलिखित वार्षिके माझ्याकडे आली आहेत. मुलांच्या हातची शाई दर पावसाळ्याला फिकी होते आहे. मोबाइलने फोटो काढून पाहिले, पण शिवणीपाशी अक्षरे वाकतात.

लिनक्समध्ये स्कॅनरांसाठी ‘सेन’ नावाचा एक खुला संच आहे. तो रचणाऱ्यांपैकी काहींना कंपन्यांनी काहीच सांगितले नव्हते. स्कॅनर आणि विंडोज यांच्यात तारेवरून काय बोलणे चालते ते त्यांनी चोरून ऐकले आणि तीच भाषा शिकून घेतली. माझा स्कॅनर त्यांनी ओळखलाही. पण हे यंत्र विसरभोळे. वीज गेली की आपण कोण हेच त्याला आठवत नाही. दर वेळी संगणकाने त्याच्या कानात ‘फर्मवेअर’ नावाची एक फाइल सांगावी लागते, आणि ती फाइल स्कॅनरबरोबर मिळालेल्या सीडीत होती. दिवाळीच्या साफसफाईत सौभाग्यवतींनी ती ट्रंकेच्या तळातून काढून दिली. (आरतीची सीडी समजून ती इतकी वर्षे जपली गेली होती.) फाइल योग्य जागी ठेवली, एका ओळीत तिचा पत्ता लिहिला, आणि दिवा सरकू लागला. आजवर एकशे बारा पाने उतरली आहेत.

सगळेच मात्र असे जमत नाही. माझी पहिली कादंबरी युनिकोडपूर्व मराठी फाँटात जुळवलेली आहे, आणि ते सॉफ्टवेअर संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या जुन्या रुंद खाचेत, एक लहानशी किल्ली बसवल्याशिवाय उघडत नसे. किल्ली आहे. खाच मात्र नव्या संगणकांना नाही. फाइल उघडावी तर नायिकेच्या तोंडी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. असा मजकूर युनिकोडमध्ये आणून देणारे प्रोग्रॅम मिळतात. पण माझ्या फाँटाचे रफार ते भलत्याच अक्षरावर बसवतात. सध्या रोज रात्री दोन पाने हाताने सुधारतो आहे. नायिका अजून माहेरीच आहे.