पुस्तकांची पेटी : कवळाणे, बडोदे, नाशिक

वार्षिक परीक्षा संपते, प्रगतिपुस्तके वाटली जातात आणि शाळेला कुलूप लागते. त्याच दिवशी पुस्तकांच्या कपाटालाही कुलूप लागते. मेच्या प्रारंभापासून जूनच्या मध्यापर्यंत, सुमारे सहा आठवडे, ते उघडत नाही. मुलांजवळ भरपूर वेळ असतो नेमका तेव्हाच पुस्तके त्यांच्यापासून दूर असतात. या विसंगतीवर उपाय शोधायचा तर नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

मालेगाव तालुक्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली गोपाळ नावाचा एक मुलगा जन्मला. घर शेतकऱ्याचे. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. १८७५ साली बडोद्याच्या गादीसाठी तो दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. उशिरा मिळालेल्या अक्षरांची किंमत त्याला ठाऊक होती. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते सबंध संस्थानात लागू केले.

पण पुढे एक अडचण उभी राहिली. शाळा सोडल्यावर मुलांच्या हाती पुस्तक पडले नाही, तर शिकलेले वाचन काही वर्षांत पुसले जाते. मग सक्तीच्या शिक्षणावर केलेला खर्च टिकायचा कसा? सयाजीरावांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, मुलांसाठी वेगळा विभाग निघाला आणि गावोगावी वाचनालये सुरू झाली. जेथे वाचनालय नव्हते तेथे निवडक पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. ठरावीक मुदतीनंतर पेटी परत येई आणि दुसरी जाई. फिरत्या पेटीची ही पद्धत अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १८९० नंतरच्या दशकात रुजली होती. बडोद्याने ती आपल्या खेड्यांना जुळवून घेतली. वाचकाने पुस्तकापर्यंत येण्याची वाट न पाहता पुस्तकाने वाचकाकडे जावे, एवढेच तिचे तत्त्व.

शाळा सुटल्यावर वाचन पुसले जाते ही जी काळजी बडोद्यात होती, तीच लहान प्रमाणात दर उन्हाळ्यात आपल्यापुढे येते. या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेत झाला. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली १३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. उन्हाळी सुटीत मुले सरासरीने सुमारे एक महिन्याच्या शिक्षणाइतकी मागे पडतात, असे त्यात दिसले. वाचनाच्या बाबतीत मात्र सर्व मुलांचे सारखे होत नव्हते. मध्यमवर्गीय मुले आहे तेथे राहत किंवा थोडी पुढे जात, गरीब घरांतील मुले मागे पडत. बाल्टिमोर शहरात १९८२ पासून सुमारे ८०० मुलांचा मागोवा घेणाऱ्या संशोधकांनी यासाठी नळाची उपमा दिली. शाळा चालू असते तेव्हा नळाचे पाणी सर्वांनाच मिळते. सुटीत नळ बंद होतो. ज्याच्या अंगणात विहीर आहे त्याचे अडत नाही, इतरांचे हंडे रिकामे राहतात.

या निष्कर्षांवर आक्षेपही आले आहेत. २०१९ साली पॉल फॉन हिपेल यांनी दाखवून दिले की, मोजण्याची पद्धत बदलली की सुटीत वाढणारी ही दरी तितकी ठळक दिसत नाही. दरीचा मोठा भाग मूल शाळेत येण्यापूर्वीच पडलेला असतो. म्हणून अमेरिकेतील महिन्याचा आकडा उचलून आपल्या मुलांना लावू नये. पण गरीब घरात पुस्तके कमी असतात, यावर कोणाचे दुमत नाही. शिवाय पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरील मूल घरी कोकणा बोलते. पुस्तकी मराठीशी त्याची गाठ बहुतांशी शाळेतच पडते. त्याच्यासाठी सुटी ही त्या भाषेचीही सुटी ठरते.

मग पुस्तके दिल्याने फरक पडतो काय? रिचर्ड ॲलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातील गरीब मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी १२ पुस्तके दिली. पुस्तके मुलांनी स्वतः निवडलेली होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा या मुलांचे वाचन सुधारले. सुधारणा माफक होती, पण खरी होती. एका सुटीत चमत्कार होत नाही; तीन सुट्यांत थोडे थोडे साचते.

नाशिकला वाचनालयांची परंपरा जुनी आहे. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. पण वाचनालय शहरात आणि मूल पाड्यावर, हे अंतर उरतेच. २००९ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे द्यायची आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. या पेट्या पुढे परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंत पोचल्या. बडोद्यानंतर शंभर वर्षांनी, सयाजीरावांच्या जन्मजिल्ह्यात पेटी पुन्हा चालू लागली.

शाळेला हे करण्यास वेगळा निधी लागत नाही. कपाटातील पुस्तके परीक्षेनंतर वर्गात मांडावीत, मुलांना स्वतः निवडू द्यावीत, आणि वस्तीतील चार-पाच मुलांचा एकेक गट करून पिशवी किंवा पेटी त्यांच्या हाती द्यावी. दर आठवड्याला गटांनी पुस्तके बदलावीत. सारांश लिहून आणण्याची अट घालू नये. ती घातली की सुटीतले वाचन गृहपाठ होते. लहानांना मोठ्यांनी वाचून दाखवावे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली ‘श्यामची आई’ ४२ रात्रींत विभागलेली आहे. रोज एक रात्र वाचली तर सहा आठवडे बरोबर पुरते.

डेडस्टॉक रजिस्टरातील पुस्तक हरवले तर काय, ही शिक्षकांची भीती खोटी नाही. त्यासाठी मुख्याध्यापकांनी व शाळा व्यवस्थापन समितीने आधीच ठराव करून ती जबाबदारी वाटून घ्यावी. जूनमध्ये काही पुस्तके फाटून येतील, एखादे येणारही नाही. पण कपाटात कोरे राहिलेले पुस्तकसुद्धा मुलाच्या दृष्टीने हरवलेलेच असते, आणि त्याची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही.