सनदीपासून संदर्भसूचीपर्यंत

आमच्या उर्दू शाळेतील नववीच्या एका मुलीने इतिहासाची प्रकल्पवही आणून दिली. शेवटच्या पानावरची संदर्भसूची अगदी नेटकी होती. पुस्तकाचे नाव किंवा आयएसबीएन क्रमांक टाकला की इंटरनेटवरील साधन लेखक, प्रकाशक, वर्ष अशी नोंद क्षणात करून देते. मात्र तिच्या यादीत ‘खल्दून, इब्न’ असे होते. नावातील शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असे यंत्राने गृहीत धरले होते. याच हिशेबाने अब्दुल करीमचे ‘करीम, अब्दुल’ होते. करीमचा बंदा मागे पडतो आणि अल्लाहचे नाव लेखकाच्या जागी बसते!

खरे तर नोंदीची ही विद्या आपल्याला परकी नाही. हदीसच्या संकलकांनी प्रत्येक कथनाला इस्नाद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी जोडली. त्या रावींची पारख करण्यासाठी ‘अस्मा-उर-रिजाल’ हे शास्त्रच उभे राहिले. बगदादच्या इब्न अन-नदीमने इ.स. ९८७ (हिजरी ३७७) मध्ये ‘अल-फिहरिस्त’ ही ग्रंथसूची लिहिली. कवींचे काव्य किती पानांचे हे सांगताना, पान म्हणजे वीस ओळींचे, हेही त्याने स्पष्ट केले. इस्तंबूलच्या कातिब चलबीने (१६०९–१६५७) हलब शहरातील पुस्तकांच्या दुकानांत ग्रंथांची नावे टिपायला सुरुवात केली आणि पुढे ‘कश्फ-उज-जुनून’मध्ये सुमारे साडेचौदा हजार ग्रंथ वर्णानुक्रमे नोंदवले.

संगणकाने हे कष्ट हलके केले. १९८५ मध्ये ‘बिबटेक्स’ आले. २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्राने ‘झोटेरो’ सर्वांसाठी मोफत खुले केले. ही साधने उपकारकच आहेत. परंतु ती नोंदीचा साचा भरतात, ग्वाही देत नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधी झालेच नव्हते असे निवाडे दाखल केले. त्यांना ५,००० डॉलर दंड झाला.

आम्ही त्या मुलीला विचारले, “बेटी, ही किताब तू पाहिलीस का?” तिने मान खाली घातली. आम्हाला रागावता आले नाही. बी.एड.च्या निबंधाला वजन यावे म्हणून आम्हीही दुसऱ्याच्या यादीतून, हातात न घेतलेल्या पुस्तकांची नावे उतरवली होती. तेव्हा यंत्र नव्हते. हात आमचाच होता.

दोष यंत्राच्या आधी आपल्या सवयीत आहे. संदर्भ देणे म्हणजे साक्ष देणे होय, आणि न पाहिलेल्याची साक्ष कोणताही मजहब मान्य करीत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेच्या कपाटातून ‘मुकद्दिमा’चा उर्दू तर्जुमा काढून तिच्यापुढे ठेवला. तिने काही पाने वाचली, मुखपृष्ठ उलटून पाहिले आणि यादीतील ती ओळ खोडून आपल्या हाताने लिहिले : इब्न खल्दून.