ओढीसाठी इंजिन, वेगासाठी बैल : वऱ्हाडातील टर्बोचा पूर्वेतिहास

इंजिनाची शक्ती इंधनापेक्षा हवेवर अधिक अवलंबून असते, कारण पेट्रोल किंवा डिझेल हवे तितके ओतता आले तरी ते जाळण्यासाठी लागणारी हवा सिलिंडरच्या आकारमानापलीकडे आपोआप आत शिरत नाही. ही मर्यादा ओलांडण्याचे साधन म्हणजे टर्बोचार्जर, ज्याला बोलीत नुसते टर्बो म्हणतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या झोतावर एक लहानसे चक्र फिरवले जाते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेले चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून सिलिंडरकडे पाठवते, आणि मिनिटाला लाखभर किंवा त्याहून अधिक फेरे घेणाऱ्या या जोडीमुळे तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद मिळते. मुळात टर्बो नसलेल्या गाडीला तो नंतर बसवण्यासाठी लागणाऱ्या सुट्या भागांच्या संचाला टर्बो किट म्हणतात. अमरावती-अकोल्याच्या परिसरात असे किट बसवून वेगवान मोटार बनवण्याची हौस अगदी अलीकडची आहे. परंतु आहे त्या चाकांवर अधिक शक्ती चढवण्याचा व्यवहार मात्र येथे दीडशे वर्षांचा आहे, आणि तो वेगासाठी नव्हे तर ओझ्यासाठी सुरू झाला, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या हौशीची येथे झालेली कोंडी समजत नाही.

१८५३ साली निजामाशी झालेल्या तहानंतर वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आले आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडकल्याबरोबर मँचेस्टरच्या गिरण्यांचे लक्ष या काळ्या मातीकडे वळले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग १८६७ पर्यंत पुरा झाला. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव ही स्थानके त्याच मार्गावरची, आणि अमरावती शहर मुख्य रुळापासून दूर राहिल्याने बडनेऱ्याहून त्याला वेगळा फाटा द्यावा लागला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा फाटा व तेथील कापूस बाजार खुला झाला. रुळांपाठोपाठ वाफेवर चालणारे जीन आणि प्रेस आले. जीनमध्ये सरकी वेगळी होत असे आणि प्रेसमध्ये फुगलेली रुई दाबून तिची गाठ बांधली जात असे, जेणेकरून तेवढ्याच डब्यात कितीतरी अधिक माल मावे. टर्बो हवेचे जे करतो ते प्रेसने रुईचे फार आधी केले होते, असे वऱ्हाडच्या वाचकाला सांगितले तर त्या यंत्राचे निम्मे मर्म त्याच्या ध्यानात येईल.

टर्बोचा स्वतःचा इतिहासही ओझ्यापासूनच सुरू होतो, आणि शर्यतीच्या चाहत्यांना ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच्यापुढे मोठी डिझेल इंजिने होती. १९२५ च्या सुमारास दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांना त्याची रचना बसवल्यावर त्यांची शक्ती १७५० वरून २५०० अश्वशक्तीपर्यंत गेली. दरम्यान १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या शिखरावर नेऊन, विरळ हवेतही टर्बोच्या साहाय्याने त्याची ताकद टिकते हे दाखवले होते. जहाज, विमान, आगगाडी आणि मालमोटार असा हा क्रम असून शौकाच्या मोटारीचा नंबर सर्वांत शेवटी लागला.

वऱ्हाडच्या मातीवर टर्बो आला तो रुळांवरून. भारतीय रेल्वेने १९६० च्या दशकात अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या बनावटीची डिझेल इंजिने घेतली व पुढे ती वाराणसीच्या कारखान्यात बांधली. रुंद मार्गावरचे २६०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२ आणि मीटरगेजवरचे सुमारे १४०० अश्वशक्तीचे वायडीएम-४ ही दोन्ही इंजिने टर्बोयुक्त होती. यांपैकी वायडीएम-४ ची खरी परीक्षा अकोला-खंडवा मार्गावर होत असे. खंडवा-हिंगोली जोडणीचा भाग म्हणून १९६० च्या आसपास तयार झालेला हा एक मीटर रुंदीचा मार्ग अकोटवरून मेळघाटात शिरत असे आणि धूळघाट येथे चढ इतका अवघड होता, की अभियंत्यांना रूळ वेटोळ्यासारखा फिरवून तो स्वतःच्याच वरून न्यावा लागला. जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस या वेटोळ्यावरून चढत असताना सहा सिलिंडरच्या त्या इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो हाच तिचा आधार होता. गाडी बघायला जमणारी मुले तिच्या धुराकडे पाहत, पण तोच धूर बाहेर पडण्याआधी चक्र फिरवून आपले काम करून गेलेला असे. २०१७ मध्ये हा जुना मार्ग रूपांतरासाठी बंद झाला आणि व्याघ्र प्रकल्पातून नवा रूळ न्यावा की बाहेरून, यावर पुढे बराच वाद झाला.

याच्या अगदी उलट चित्र मूर्तिजापूर जंक्शनवर दिसत होते. किलिक निक्सन या पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या प्रारंभी येथून एक फाटा अचलपूरला व दुसरा कारंजा-दारव्हा मार्गे यवतमाळला काढला. ७६२ मिलिमीटर रुंदीचा हा अरुंद मार्ग पुढे शकुंतला या नावाने ओळखला गेला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावत होते आणि १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेल इंजिन जोडले गेले, म्हणजे सत्तर वर्षे त्या गाडीच्या शक्तीत कोणी काडीचीही भर घातली नाही. मार्गाची मालकी खासगी कंपनीकडे व गाडी चालवण्याचे काम रेल्वेकडे, अशा विचित्र करारात सुधारणेचा खर्च कोणी करायचा हेच ठरत नव्हते. इंजिन बदलूनही रूळ जुनेच राहिल्याने वेग वाढला नाही, आणि अखेर सेवाच थांबली. शक्ती वाढवताना तिचा भार पेलणारा बाकीचा सांगाडा तसाच ठेवला तर काय होते, याचे हे उदाहरण टर्बो किटवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रस्त्यावरचा इतिहास अधिक मोकळा व अधिक गमतीचा आहे. डिझेल स्वस्त आणि पेट्रोल महाग असण्याच्या काळात महाराष्ट्रभर, आणि कापसाच्या हंगामावर चालणाऱ्या वऱ्हाडात तर विशेषच, पेट्रोलच्या जीपमधले किंवा ॲम्बॅसडरमधले इंजिन उतरवून तेथे डिझेल इंजिन बसवणे हा गॅरेजांचा नित्याचा धंदा होता. ॲम्बॅसडर १९८० च्या सुमारास कारखान्यातूनच डिझेल इंजिन घेऊन निघू लागली, पण तिच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची ताकद अवघी ३७ अश्वशक्ती होती, आणि लग्नसराईत सात-आठ माणसे व टपावर सामान घेऊन ती परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाला लागली म्हणजे प्रवाशांना उतरून चालण्याचा मोह होत असे. काळ्या-पिवळ्या जीप व ट्रॅक्स यांनी तालुक्याची गावे जोडली, तीही टर्बोविना. या सर्व बदलांत मिस्त्रीचे कौशल्य मोठे होते. तथापि त्याच्यापुढील प्रश्न गाडी किती पळेल हा नसून लिटरला किती जाईल आणि भरल्या गाडीने चढ किती ओढेल हा होता. टर्बोचे आकर्षण या हिशेबात बसत नव्हते, कारण नाजूक, तेलाला संवेदनशील आणि दुरुस्तीला महाग अशा त्या भागाची भीती अधिक होती.

ही भीती कारखान्यांनीच मोडली. टाटांची १९९८ ची सफारी आणि महिंद्राची नाशिकात बनलेली २००२ ची स्कॉर्पिओ या दोन्ही टर्बो डिझेल गाड्यांनी, आणि त्यानंतर २००७ च्या डिझेल स्विफ्टने, टर्बो हा शब्द वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या, ठेकेदाराच्या व पुढाऱ्याच्या अंगणात आणून उभा केला. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर असलेल्या चिखलदऱ्याला हवेचा दाब सपाटीपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी कमी असतो, आणि ती तूट टर्बो भरून काढतो, हे शास्त्र ठाऊक नसले तरी घाटात गाडी दम टाकत नाही हा अनुभव पुरेसा होता. पेट्रोल टर्बोही दूरचा राहिला नाही : तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे जुळणाऱ्या स्कोडाने २००४ मध्ये १.८ लिटर टर्बोची ऑक्टेव्हिया आरएस, आणि चाकणच्या फोक्सवॅगनने २०१३ मध्ये १.२ लिटरची पोलो जीटी टीएसआय विक्रीस आणली.

मग शर्यतीची हौस वऱ्हाडाने कोठे भागवली, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शंकरपटात आहे. सुगी आटोपल्यानंतर भरणाऱ्या या बैलजोड्यांच्या शर्यतीत हलका छकडा, निवडक जोडी आणि ती हाकणारा धुरकरी यांचा वेग सेकंदाच्या अंशांत मोजला जातो. धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासरचा पट यासाठी दूरवर ओळखला जातो. खुराक, चाकांचे वजन, जुवाची जागा यांवर होणारी चर्चा ऐकली तर मोटारीची शक्ती-वजन गुणोत्तरे मांडणाऱ्यांना ती परकी वाटणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी घातली, राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. बैलाच्या वेगासाठी समाज, विधिमंडळ आणि न्यायालय यांनी मिळून एवढी वाट शोधली. मोटारीच्या वेगासाठी अशी वाट वऱ्हाडात अद्याप कोणी मागितल्याचेही दिसत नाही.

वऱ्हाडाबाहेर मात्र वेगाच्या हौसेला टर्बो केव्हाच मिळाला होता. शौकाच्या मोटारीतील टर्बोचा आरंभ अमेरिकेत १९६२ साली ओल्डस्मोबिल जेटफायर व शेव्हरोले कोर्व्हेर यांनी केला. जेटफायरच्या ॲल्युमिनियम इंजिनात इंधन अवेळी पेटू नये म्हणून पाणी व मेथनॉलचे मिश्रण फवारावे लागे, मालक ती टाकी भरायला विसरत, आणि शेवटी अनेक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवण्यात आला. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो नेमकी तेलटंचाईच्या तोंडावर आली. १९७७ मध्ये रेनोने फॉर्म्युला वनमध्ये दीड लिटरची टर्बो गाडी उतरवली तेव्हा ती वारंवार धूर सोडत बंद पडे, म्हणून तिला पिवळी किटली असे हिणवले गेले. १९७९ मध्ये तिनेच दिजों येथील शर्यत जिंकली आणि पुढील काही वर्षांत इतर संघांना टर्बोशिवाय गत्यंतर राहिले नाही.

जेटफायरची अडचण वऱ्हाडात दुपटीने भेडसावते. येथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा नऊ-दहा टक्क्यांनी विरळ असते. तीच हवा टर्बोने निम्म्या वातावरणाइतकी अधिक दाबली तर तिचे तापमान शंभर अंशांच्या आसपास पोहोचते. म्हणून टर्बो व सिलिंडर यांच्यामध्ये इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, बसवावी लागते. परंतु ती जाळी हवेला बाहेरच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. मुळात टर्बोविना आखलेल्या पेट्रोल इंजिनाचा दाबगुणक दहा-अकरापर्यंत असतो, त्यात गरम व दाट हवा भरली की मिश्रण अवेळी पेटते, इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाते. अतिरिक्त दाब बाहेर सोडणारा वेस्टगेट, जास्त इंधन देणारे इंजेक्टर, त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकाची नवी मांडणी, तेल थंड ठेवण्याची सोय, भक्कम क्लच आणि ब्रेक हे सर्व त्यामुळे किटच्या किमतीत धरावे लागते. रस्त्यावर क्षणभर दाबलेला ॲक्सिलरेटर ट्रॅकवर वीस-वीस मिनिटे दाबलेला असतो, तेव्हा रस्त्यासाठी पुरे पडणारी मांडणी तेथे पुरी पडत नाही.

रस्ते मात्र आता झाले आहेत. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीची डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरून गिनीज विक्रम नोंदवला गेला, आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला नागपूर-शिर्डी टप्प्याने खुला झालेला समृद्धी महामार्ग तळेगाव दशासरच्याच धामणगाव तालुक्यातून जातो. पण हे शर्यतीचे मार्ग नव्हेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठाम केली. सीएनजी किटला त्याच कलमात मुभा आहे, टर्बो किटला नाही. कलम १८२-अ प्रमाणे अशा बदलासाठी प्रत्येकी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, तर रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली वेगळा गुन्हा आहे. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा करी आणि ग्रेटर नोइडाचा बुद्ध हे देशातील नामांकित कायमचे ट्रॅक अमरावतीपासून हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही दूर आहेत. तेव्हा अमरावती-अकोल्याच्या एमएच-२७ किंवा एमएच-३० क्रमांकाच्या गाडीला किट बसवून ती रस्त्यावर चालवणे बेकायदेशीर, आणि केवळ ट्रॅकसाठी तयार केलेली गाडी दुसऱ्या वाहनावर लादून दक्षिणेस किंवा उत्तरेस नेणे अतिशय खर्चाचे, अशी सध्याची स्थिती असून, जवळपास ट्रॅक उभा राहीपर्यंत कारखान्यातूनच टर्बो घेऊन निघालेली गाडी हाच वऱ्हाडातील हौशी चालकापुढील शहाणपणाचा पर्याय आहे.