जेम्स लिंड : उत्तर हाती होतं, तरी ४८ वर्षं लागली



आजच्या व्याख्यानाचा विषय आहे अठराव्या शतकातला स्कॉटिश डॉक्टर जेम्स लिंड. पाठ्यपुस्तकांत त्याच्याबद्दल साधारण एकच ओळ असते : त्यानं खलाशांना संत्री-लिंबं दिली आणि स्कर्व्ही बरा झाला. ओळ खोटी नाही. पण एवढं सोपं होतं, तर ब्रिटिश आरमारानं लिंबाचा रस द्यायला पुढे जवळजवळ अर्धशतक का घेतलं? त्या दिरंगाईत माणसं मरत होती, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

आधी रोग काय होता ते पाहू. महिनोन् महिने समुद्रावर राहायचं, खायला खारवलेलं मांस आणि कडक बिस्किटं. हिरड्या सुजतात, सडतात, दात हलतात, अंगावर काळेनिळे डाग पडतात, जुन्या भरलेल्या जखमासुद्धा पुन्हा उघडतात. जॉर्ज अ‍ॅन्सन १७४० मध्ये सुमारे १९०० माणसं घेऊन पॅसिफिककडे निघाला. चार वर्षांनी तो परतला तोवर हजारांहून जास्त माणसं दगावली होती. लढाईत पडले ते मोजके. बाकीचे बहुतेक रोगानं गेले, त्यात स्कर्व्ही मुख्य.

लिंडचा जन्म १७१६ मध्ये एडिंबरोचा. एका सर्जनच्या हाताखाली शिकून १७३९ मध्ये तो आरमारात शिरला. १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या युद्धनौकेवर सर्जन असताना, २० मे रोजी, त्यानं स्कर्व्हीचे १२ रुग्ण निवडले. होता होईल तो सारख्या अवस्थेतले. सगळ्यांना एकाच जागी ठेवलं, जेवण एकच. मग दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सायडर, दुसरीला पातळ गंधकाम्लाचे थेंब, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचं पाणी, पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू, सहावीला लसूण-मोहरी वगैरेंचं जायफळाएवढं चाटण.

सहाव्या दिवशी फळं संपली. पण तेवढ्यात फळं खाणाऱ्यांपैकी एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला होता, आणि दुसऱ्याला उरलेल्यांची शुश्रूषा करायला नेमलं होतं! सायडरवाल्यांना थोडा उतार पडला. बाकीच्यांना विशेष काही नाही.

आता खरी गंमत पुढे आहे. १७५३ मध्ये लिंडनं स्कर्व्हीवर चारशेहून जास्त पानांचा ग्रंथ लिहिला. त्यात या प्रयोगाला जागा किती? काही परिच्छेद. कारण रोगाबद्दलचं त्याचं मत वेगळं होतं. दमट हवेनं घाम अडतो, शरीरातला दोष बाहेर पडत नाही, म्हणून स्कर्व्ही होतो, असं तो मानत होता. अमुक एक पदार्थ अन्नात नसल्यानं रोग होतो, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. त्यामुळे फळं हा त्याच्या लेखी अनेक उपायांपैकी एक उपाय राहिला.

शिवाय फळं टिकायची कशी? लिंडनं सुचवलं, रस तासन् तास मंद तापवून दाट करा आणि बाटल्यांत भरा. तापवण्यात क जीवनसत्त्व नष्ट होतं, हे आज आपल्याला कळतं. त्यानं मात्र ताज्या फळांची जशी तुलना केली, तशी या दाट रसाची कधी केली नाही. त्याचा गुण फारसा येईना. मग आरमाराचं लक्ष कुकच्या सफरीनंतर माल्टच्या काढ्याकडे वळलं.

लिंड १७५८ पासून हॅस्लरच्या मोठ्या आरमारी रुग्णालयाचा प्रमुख होता. तो वारला १७९४ मध्ये. त्याच वर्षी ‘सफोक’ हे जहाज मद्रासला निघालं. खलाशांना रोज लिंबाचा रस मिळत होता. २३ आठवड्यांच्या प्रवासात स्कर्व्हीनं एकही दगावला नाही. गिल्बर्ट ब्लेन या डॉक्टरनं आग्रह धरला आणि १७९५ मध्ये आरमारानं लिंबाचा रस मान्य केला.

म्हणून लिंडकडून दोन्ही गोष्टी शिकायच्या. तुलना कशी करावी, हे त्या १२ खलाशांवरून. आणि तुलनेचं उत्तर आपल्या मतात बसत नसेल तर मत पुन्हा तपासावं, हे पुढच्या ४८ वर्षांवरून.