संत गोन्सालो गार्सिया : नाकारलेल्या सेवकाची कथा

भंडारा जिल्ह्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत तुमसर तालुक्यात बपेरा हे गाव आहे. तेथून वसईचा समुद्र फार दूर. तरी वसईच्या एका संताची कथा आम्ही या गावाच्या नावाने आरंभीत आहोत, यास कारण आहे. पूर्व विदर्भात विखुरलेल्या कॅथोलिक घरांना धर्मगुरू रोज भेटत नाही. तो दूरच्या धर्मग्रामातून येतो, मिस्सा अर्पण करतो आणि पुढच्या गावाला जातो. मधल्या दिवसांत मुलांना क्रूसाची खूण करावयास शिकविणे, आजाऱ्यापाशी बसून प्रार्थना म्हणणे, हे काम धर्मशिक्षक करतो. त्याच्या अंगावर झगा नसतो, वेदीवर त्याचे आसन नसते. गोन्सालो गार्सिया आयुष्याच्या उमेदीच्या वर्षांत असाच एक धर्मशिक्षक होता.

त्यांचा जन्म 1557 च्या सुमारास वसईचा. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. शिक्षण येशूसंघीयांच्या शाळेत झाले आणि मिसरूड फुटण्याच्या वयातच आपल्या गुरूंबरोबर ते जपानला गेले. तेथे त्यांनी ती कठीण भाषा अशी आत्मसात केली की, युरोपातून आलेल्या धर्मगुरूंना त्यांच्यावाचून चालेना. सुमारे आठ वर्षे त्यांनी येशूसंघीयांच्या हाताखाली धर्मशिक्षण दिले. मनात एकच इच्छा होती, ती म्हणजे येशूसंघात प्रवेश मिळावा. ती पूर्ण झाली नाही.

येथे क्षणभर थांबणे आम्हांस आवश्यक वाटते. त्या काळी पूर्वेकडील येशूसंघाची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते अलेस्सांद्रो वालिन्यानो मोठे दूरदृष्टीचे पुरुष. जपानी तरुणांना संघात घ्यावे, जपानी रीतीभाती पाळाव्यात, असा त्यांचा आग्रह. परंतु हिंदुस्थानात जन्मलेल्यांना आणि मिश्र वंशाच्यांना संघात घेण्यास त्यांचा विरोध होता. वसईच्या मुलाच्या वाट्याला नेमकी ही बाजू आली. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे पान आपण झाकून ठेवू नये. नम्रतेचा उपदेश पुष्कळदा अशांना केला जातो की ज्यांना मुळातच खाली बसविलेले असते. प्रभूच्या दाखल्यात शेवटची जागा पाहुणा स्वतः होऊन घेतो. दुसऱ्याला तेथे ढकलण्याची मुभा त्या दाखल्यात कोठेही नाही.

गोन्सालो यांनी काय केले? त्यांनी व्यापार सुरू केला. त्यांचा चांगला जमही बसला. पुढे ते मनिला येथे गेले. तेथील अनवाणी फ्रान्सिस्कनांची गरिबी आणि त्यांनी चालविलेली रुग्णांची सेवा पाहून त्यांनी व्यापार सोडला आणि ते त्या संघात साधे धर्मबंधू झाले. धर्मबंधू म्हणजे अभिषेक न झालेला सेवक. नकाराने मन कडवट होऊन देवाच्या घराकडे पाठ फिरविणारी माणसे आपण पाहतो आणि त्यांना दोष देण्याचेही धैर्य आपणांस होत नाही. गोन्सालो दुसऱ्या दारी गेले, पण घर तेच ठेवले.

मग, मोठ्यांच्या राजकारणात, या लहान माणसाची गरज पडली. पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1585 मध्ये जपानचे प्रेषितकार्य एकट्या येशूसंघाकडे सोपविले होते. 1587 मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला. अशा स्थितीत 1593 मध्ये फिलिपीन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून हिदेयोशीकडे धाडले. फादरांना जपानी येत नव्हते. दुभाषा म्हणून गोन्सालो बरोबर निघाले. ज्या देशातून मनातली इच्छा मनातच ठेवून ते निघून आले होते, त्याच देशाच्या धन्यापुढे ते आता सगळ्या शिष्टमंडळाचा आवाज होऊन उभे राहिले. दुभाष्याचे काम मोठे विलक्षण. सभेत सर्वांत जास्त तोच बोलतो, पण त्यातला एकही शब्द त्याचा स्वतःचा नसतो.

फ्रान्सिस्कनांना क्योतो येथे राहण्याची परवानगी मिळाली. त्यांनी मठ बांधला, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालविले. ऑक्टोबर 1596 मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातील मालाच्या जप्तीवरून वाद पेटला, मिशनरी हे स्पेनच्या सैन्याचे अग्रदूत आहेत असा संशय वाढला, आणि हिदेयोशीचा रोष या निःशस्त्र माणसांवर कोसळला. जानेवारी 1597 मध्ये त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना शहरांतून फिरविण्यात आले व ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेण्यात आले. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात सामील झाले. एकूण 26 जण : सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक. सर्वांत धाकटा लुईस इबाराकी अवघा 12 वर्षांचा.

5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर क्रूस मांडून ठेवलेले होते. परंपरेने आलेला वृत्तान्त असा की, टेकडीवर प्रथम पोहोचले ते गोन्सालो. ते थेट एका क्रूसाकडे गेले आणि हा माझा काय, अशी त्यांनी विचारणा केली. नाही, असे उत्तर मिळाले. त्यांना दुसऱ्या क्रूसापाशी नेण्यात आले, तेव्हा गुडघे टेकून त्यांनी तो कवटाळला. आम्हांस या कथेत हा प्रसंग सर्वांत बोलका वाटतो. जगण्याची जागा त्यांना स्वतः निवडता आली नव्हती, मरणाची जागाही दुसऱ्यानेच दाखविली. त्या रांगेत तीन येशूसंघीयही होते. त्यांपैकी जॉन गोतो आणि जेम्स किसाई यांना मृत्यूच्या उंबरठ्यावर संघाची व्रते घेता आली. ज्या दारावर गोन्सालो यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, ते दार या दोघांसाठी शेवटच्या घटकेला उघडले. त्याच टेकडीवर गोन्सालो फ्रान्सिस्कन झग्यात होते. भाल्यांनी संघांचा भेद केला नाही.

त्या दिवशी पाहणाऱ्यास वाटले असेल की कार्य संपले. 1614 मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली आणि पुढे एकही धर्मगुरू उरला नाही. 1862 च्या 8 जूनला पोप नववे पायस यांनी या 26 जणांना संतपद बहाल केले, तेव्हा जपानात ख्रिस्ती माणूस शिल्लक असेल अशी फारशी कुणाला आशा नव्हती. नागासाकीच्या ओउरा येथे फ्रेंच मिशनऱ्यांनी या हुतात्म्यांच्या नावे मंदिर उभारले. 17 मार्च 1865 रोजी उराकामी गावची काही माणसे त्या दारात आली आणि फादर पेतिजाँ यांना हळूच म्हणाली की, आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. मग त्यांनी पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. दोन शतकांहून अधिक काळ धर्मगुरूवाचून त्यांनी श्रद्धा जपली होती. गावातला एक नेमलेला माणूस बाप्तिस्मा देई, दुसरा सणांचे दिवस मोजून ठेवी. बपेऱ्याकडच्या धर्मशिक्षकाला ही माणसे परकी वाटणार नाहीत.

वसईत मात्र तोवर बरेच काही बदलले होते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज मठमंदिरे ओस पडली. आज वसईजवळ गास येथे या संताच्या नावाचे मंदिर आहे, आणि भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून वसईकर त्यांचे नाव अभिमानाने घेतात. वडील पोर्तुगीज, मग भारतीय कसा, असा वाद कुणी अधूनमधून काढतो. ज्या जन्मापायी त्यांना एकदा बाहेर ठेवले गेले, त्याच जन्माच्या आधारे आता त्यांना पुन्हा बाहेर ठेवावे, हे आम्हांस रुचत नाही.

नागासाकीच्या टेकडीवर 1962 मध्ये उभारलेल्या स्मारकावर 26 कांस्यमूर्ती एका ओळीत आहेत. त्यांत वसईचा हा पुत्रही आहे. सार्वत्रिक ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत मात्र 6 फेब्रुवारीच्या रकान्यात गोन्सालो यांचे नाव शोधून सापडत नाही. तेथे एवढेच छापलेले असते : संत पॉल मिकी आणि सोबती.