हिवाळ्यातील परसदारचे कोंबडीपालन : थंडीहून ओल अधिक घातक

गुजरातमधील वडोदरा शहराच्या पश्चिम भागात गोत्री ही वस्ती आहे. एकेकाळी स्वतंत्र असलेले हे गाव आता महानगरात सामावले आहे. जुन्या गावठाणातील घरे आणि नव्या सोसायट्यांतील बंगले येथे एकमेकांना लागून उभे आहेत. गायकवाडांच्या राजवटीपासून वडोदऱ्यात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असल्याने हे शहर मराठी वाचकाला परके नाही. परसात दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्या गोव्यातील वाचकाला मात्र तेथील हिवाळा अपरिचित वाटेल.

डिसेंबर-जानेवारीत वडोदरा परिसरात रात्रीचे तापमान साधारणतः १२ ते १३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. उत्तरेचे कोरडे वारे सुटले की ते १० अंशांच्याही खाली जाते. दुपारी हाच पारा २७-२८ अंशांवर असतो. एका दिवसात होणारा हा पंधरा अंशांचा चढउतार हे तेथील हिवाळ्याचे खरे स्वरूप होय. पणजीत याच दिवसांत पहाटेचे तापमान २० अंशांच्या आसपास राहते. सत्तरी, धारबांदोडा, सांगे या डोंगराळ तालुक्यांत मात्र पहाटेचा गारठा आणि दव अधिक असते. त्यामुळे गोत्रीसारख्या ठिकाणी घ्यावयाची काळजी थोड्याफार फरकाने आपल्या अंतर्भागातील गावांनाही लागू पडते.

प्रौढ कोंबडी आणि थंडी

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसापेक्षा चार-पाच अंशांनी अधिक असते. पिसांच्या थरात साठलेली कोरडी हवा तिला पांघरुणासारखी उपयोगी पडते. थंडी वाढली की ती पिसे फुलवते, एक पाय पोटाशी घेते आणि चोच पंखात खुपसून बसते. कॅनडातील क्यूबेक प्रांतात विसाव्या शतकाच्या आरंभी ‘शँटेक्लेर’ ही जात तेथील कडाक्याची थंडी सोसण्यासाठीच तयार करण्यात आली. तुरा मोठा असेल तर तो गोठून झडतो, म्हणून या जातीचा तुरा अगदी लहान ठेवण्यात आला. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे डिसेंबर २०१८ मध्ये पारा २ अंशांच्या खाली गेला होता. गोत्रीचा हिवाळा या दोहोंच्या तुलनेत सौम्यच म्हणावा लागेल. तुऱ्याला तेल वा व्हॅसलीन चोळणे, पाणी गोठू नये म्हणून विजेची भांडी ठेवणे हे बर्फाळ देशांतील उपाय येथे अनावश्यक आहेत.

असे असूनही हिवाळ्यात परसातील कोंबड्या दगावतात. त्याचे एक मोठे कारण बहुधा मालकाच्या काळजीतच दडलेले असते. थंडी लागू नये म्हणून खुराड्याच्या सर्व फटी गोणपाटाने वा प्लास्टिकने बुजवल्या जातात. एक कोंबडी दिवसाला सुमारे १०० ते १५० ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश पाणीच असते. शिवाय श्वासातून बाहेर पडणारी वाफ असते. बारा कोंबड्यांच्या बंद खुराड्यात रात्रभरात साठणारी ही ओल बाहेर जाऊ शकत नाही. पहाटे ती छताला व भिंतींना थेंबांच्या रूपाने चिकटते, खाली टपकते आणि गादी ओली करते. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो. त्याने डोळे व श्वासनलिका जळजळतात आणि श्वसनाच्या रोगांना वाट मोकळी होते. ओली झालेली पिसे ऊब धरत नाहीत ती वेगळीच. म्हणून हिवाळ्यातील पहिला नियम असा : वारा अडवावा, हवा अडवू नये.

खुराडे आणि गादी

खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम असावी. गोत्रीकडे हिवाळ्यात वारा प्रामुख्याने उत्तर व ईशान्येकडून येत असल्याने त्या बाजू भिंतीने वा ताडपत्रीने बंद कराव्यात; दक्षिणेची बाजू जाळीची ठेवावी, म्हणजे कलते ऊन आत येते. ताडपत्री खालून कोंबड्यांच्या बसण्याच्या उंचीपर्यंतच लावावी. छताखाली सर्व बाजूंनी वीतभर पट्टी उघडी असावी. ऊबदार दमट हवा वर जाते आणि या पट्टीतून निघून जाते. कोंबड्यांच्या अंगावर मात्र झोत येत नाही. मांजर, मुंगूस आणि साप यांच्यासाठी या पट्टीला बारीक जाळी लावणे आवश्यक आहे.

एका कोंबडीमागे किमान दोन चौरस फूट जागा धरावी. दहा कोंबड्यांना चार फूट बाय पाच फुटांचे खुराडे पुरते. रात्री बसण्यासाठी गोल बारीक काठीऐवजी दोन इंच रुंदीची सपाट पट्टी द्यावी, म्हणजे बसलेल्या कोंबडीच्या पोटाची पिसे पायांची बोटे झाकतात.

उन्हाळ्यात दोन इंच गादी पुरते. हिवाळ्यात ती चार ते सहा इंच असावी. भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाच्या शेंगांची टरफले यांपैकी जे परिसरात स्वस्त मिळेल ते वापरावे. दर दोन-तीन दिवसांनी गादी खाली-वर करावी. गादीची परीक्षा सोपी आहे. मूठभर घेऊन दाबावी. मूठ उघडताच ती मोकळी झाली तर ठीक, लाडू वळला तर ओल जास्त. असा ओला भाग काढून टाकून तेथे कोरडा थर घालावा. दुसरी परीक्षा नाकाची. पहाटे खुराडे उघडताच कोंबडीच्या उंचीवर वाकून श्वास घ्यावा. झोंबणारा वास आला तर हवा कमी पडते आहे असे समजावे. उभ्या माणसाच्या नाकाला जो वास येत नाही तो जमिनीलगत बसलेल्या पक्ष्याला रात्रभर सोसावा लागतो.

पिल्लांची गोष्ट निराळी

प्रौढ कोंबडीविषयीचा हा दिलासा पिल्लांना लागू नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचे तापमान राखता येत नाही. गावठी कोंबडी स्वतः खुडूक बसून दहा-बारा पिल्लांना पंखाखाली घेते, त्यामुळे पूर्वी हा प्रश्न घराघरांत आपोआप सुटत असे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींची एक दिवसाची पिल्ले आज विकत आणली जातात. त्यांच्यासोबत आई नसते. तिचे काम पाळणाऱ्याला करावे लागते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश तापमान हवे. पुढे दर आठवड्याला ते तीन अंशांनी कमी करावे. गोत्रीच्या १२ अंशांच्या रात्रीत ही तफावत वीस अंशांहून अधिक भरते. साधारणपणे एका पिल्लामागे एक ते दोन वॉट उष्णता धरतात. येथे एक चूक वारंवार होते : एलईडी दिवा उजेड देतो, पण त्याची ऊब पिल्लांना पुरत नाही. तारेचा जुना बल्ब किंवा इन्फ्रारेड दिवाच वापरावा. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणे पिल्लांना आणि माणसांनाही जीवघेणे ठरू शकते, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तापमापक नसला तरी पिल्लेच उत्तर देतात. ती दिव्याखाली गोळा होऊन एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी आहे. दिव्यापासून दूर जाऊन चोची उघडून धापा टाकत असतील तर ऊब जास्त आहे. सर्वत्र पसरून दाणा टिपत असतील तर तापमान योग्य आहे. एकमेकांवर चढलेल्या पिल्लांत खालची गुदमरून मरतात, आणि हे बहुधा पहाटे तीन ते पाचच्या सुमारास घडते. म्हणून रात्री झोपण्यापूर्वीच्या फेरीइतकीच पहाटेची फेरीही महत्त्वाची आहे. दिवा साखळीने वा पक्क्या तारेने टांगावा; तो तुसात पडला तर आग लागते. वीज गेल्यास गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिल्लांमध्ये ठेवाव्यात.

दाणा, पाणी आणि उजेड

थंडीत शरीर ऊबदार ठेवण्यासाठी कोंबडी अधिक खाते. नेहमीच्या खाद्याशिवाय संध्याकाळी मूठभर मका, ज्वारी किंवा बाजरी द्यावी. अन्नपिशवीत साठलेले धान्य रात्रभर हळूहळू पचते. अंड्यांच्या कवचासाठी कॅल्शियम लागते. गोव्यात तिसऱ्यांची शिंपले धुऊन, वाळवून, कुटून वापरता येतात. सकाळी कोमट पाणी दिल्यास कोंबड्या ते लवकर पितात. पाण्याचे भांडे रात्री खुराड्यातून बाहेर काढावे. अंधारात कोंबडी पाणी पीत नाही, पण सांडलेले पाणी गादी भिजवते.

हिवाळ्यात अंडी कमी होण्याचा दोष सहसा थंडीला दिला जातो. मुख्य कारण दिवसाची लांबी हे आहे. भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तासांचा उजेड लागतो. वडोदऱ्यात डिसेंबरअखेरीस दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा, तर गोव्यात सव्वाअकरा तासांच्या आसपास असतो. ही तूट भरून काढायची असल्यास दिवा पहाटे लावावा आणि दर आठवड्याला अर्धा तास वाढवावा. संध्याकाळी दिवा अचानक मालवला तर कोंबड्या अंधारात जागा शोधत धडपडतात. घरापुरतीच अंडी हवी असणाऱ्याने हा विश्रांतीचा काळ तसाच जाऊ दिला तरी नुकसान नाही.

रोग आणि दक्षता

थंडीच्या दिवसांत मानमोडी म्हणजेच राणीखेत रोगाचा धोका विशेष असतो. लस हाच त्यावर उपाय आहे. रोग झाल्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात वा नाकपुडीत, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि सहाव्या ते आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचे इंजेक्शन असा सर्वसाधारण क्रम आहे. तो स्थानिक पशुवैद्यांकडून निश्चित करून घ्यावा. लसीच्या कुपीत शंभर वा अधिक मात्रा असतात आणि उघडलेली कुपी साठवता येत नाही. म्हणून शेजारच्या पाच-सात घरांनी एकाच दिवशी लसीकरण ठरवल्यास खर्च वाटला जातो.

बर्ड फ्लूचा संबंधही या ऋतूशी आहे. देशातील पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, म्हणजे गुजरातच्या सीमेवरच आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या मेल्यानंतर तेथे या रोगाची पुष्टी झाली. हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी देशभरच्या तळ्यांवर उतरतात. वडोदरा जिल्ह्यातील वढवाणा तलाव आणि गोव्यातील कुडचडे येथील नंदा तळे ही दोन्ही रामसर स्थळे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्या पक्ष्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु आपल्या कोंबड्या तळ्याकाठी चरू न देणे, तळ्याचे पाणी न पाजणे आणि खाद्य झाकून ठेवणे एवढे आपल्या हाती आहे. अचानक अनेक पक्षी मेल्यास मृत पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, तो उकिरड्यावर टाकू नये आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवावे. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशी माहिती देणे बंधनकारक आहे.

गोत्रीत या सर्वांत आणखी एका गोष्टीची भर पडते. १४ जानेवारीच्या उत्तरायणाला गुजरातभर पतंग उडतात आणि तुटलेला मांजा अंगणात पडतो. तो कोंबडीच्या पायाला आवळला तर रक्तप्रवाह थांबतो आणि गिळला तर आतड्यात अडकतो. सणाच्या दोन दिवसांत कोंबड्या आत ठेवून नंतर अंगण झाडून घेणे श्रेयस्कर.

जातीची निवड

वडोदऱ्याच्या दक्षिणेला भरूच परिसरातील अंकलेश्वर आणि गुजरात-महाराष्ट्र सीमेवरील बुसरा या नोंदणीकृत देशी जाती स्थानिक हवामानात रुळलेल्या आहेत. त्या अंडी कमी देतात. पण खुडूक बसतात आणि पिल्ले स्वतः वाढवतात. गोव्यात गावठी कोंबडीचे हेच वैशिष्ट्य आहे. सुधारित जातींची पिल्ले आणि मार्गदर्शन यासाठी ओल्ड गोवा येथील एलाच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेकडे चौकशी करता येते. थंडीच्या ऐन दिवसांत पिल्ले आणावयाची असतील तर ऊब देण्याची व्यवस्था आधी सुरू करून, एक रात्र तपासून, मगच पिल्ले घरी आणावीत. ज्यांना रात्रीची फेरी मारणे शक्य नाही त्यांनी फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबावे किंवा दीड-दोन महिन्यांची, पिसे पूर्ण आलेली तलंगे घ्यावीत.