पन्नासच्या अलीकडे, पन्नासच्या पलीकडे

औष्णिक वीज केंद्रातल्या टर्बाइनचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो, तेव्हा आपल्या घरी ५० हर्ट्झची वीज येते. एकलहरे येथे १९७० पासून हेच चाललं आहे. मागणी फार वाढली की हा दांडा दमतो. २९१० फेऱ्यांवर आला, तर फ्रिक्वेन्सी होते साडेअठ्ठेचाळीस. आणि ती एका गावाची नसते, साऱ्या ग्रीडची असते. गुजरातेत पंप सुरू झाले, तर नाशिकचा काटाही हलणार.

घरातल्या माणसाला यातलं काही जाणवत नाही. पंखा जरा मंद फिरतो, इतकंच. मला जाणवलं, कारण १९९० च्या दशकात मी सातपूरच्या एका कारखान्यात, चाचणी विभागात होतो. एकच रोहित्र सकाळी तपासलं की निर्भार प्रवाह एक यायचा, संध्याकाळी दुसरा. रोहित्र तेच, व्होल्टेज तेच. वारंवारता उतरली की गाभ्यातलं चुंबकत्व वाढतं आणि प्रवाह त्याहून अधिक वेगाने वाढतो. तपासणीस आलेले साहेब विचारायचे, "यातला खरा आकडा कोणता?" मग आम्ही जेवून परत यायचो आणि मीटरकडे बघत बसायचो. रात्री मागणी ओसरली की काटा वर चढू लागे, कधी ५१ च्याही पुढे जाई. मधल्या वाटेवर तो पन्नासवर जी काही मिनिटं रेंगाळे, तेवढ्यात आकडे टिपायचे. माल ट्रकमध्ये चढायचा की नाही, हे त्या मिनिटांवर ठरे.

म्हणून स्वतःची वारंवारता स्वतः तयार करणारा स्रोत घ्यायचं ठरलं. त्या काळी ओळखीचा मार्ग म्हणजे मोटर-जनित्राची जोडी. डीसी मोटर जनित्राला फिरवते. चार ध्रुवांचं जनित्र १५०० फेऱ्यांवर ५० हर्ट्झ देतं, १८०० फेऱ्यांवर ६०. हे धूड जड, आवाज करणारं. त्याला पक्का पाया लागतो, कार्बन ब्रश झिजतात. पण लहर शुद्ध असते आणि क्षणभराचा जादा भार ते अंगावर घेतं.

रोहित्राला तर पन्नासच्या बरंच पुढे जावं लागतं. वेटोळ्यांमधलं इन्सुलेशन तपासायला दुप्पट व्होल्टेज द्यायचं असतं. ते ५० हर्ट्झवर दिलं तर गाभा चुंबकत्वाने तुंबतो आणि प्रवाह भडकतो. वारंवारताही दुप्पट केली की गाभ्यावरचा ताण होता तेवढाच राहतो. १०० हर्ट्झपर्यंत ही चाचणी पूर्ण एक मिनिट चालते, २०० हर्ट्झला ३० सेकंद. वारंवारता कितीही वाढवली तरी १५ सेकंदांच्या खाली जायचं नाही, असा नियम आहे. ओझरच्या विमान कारखान्याची गोष्ट आणखी निराळी. विमानातला एसी पुरवठा साधारणपणे ४०० हर्ट्झचा असतो, कारण वारंवारता जास्त असली की गाभा लहान आणि हलका करता येतो.

पुढे सौदी अरेबियासाठी मोटरींची ऑर्डर आली. तिथे वीज ६० हर्ट्झची. तोवर इलेक्ट्रॉनिक स्रोत मिळू लागले होते. कपाटाएवढे, बटण फिरवलं की ४५ ते ६५ हर्ट्झमध्ये हवं ते मिळणार. निवड माझ्याकडे होती आणि मी चुकलो. पाच अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, म्हणजे साडेपाच केव्हीए. मी ऐसपैस म्हणून दहा केव्हीएचा स्रोत घेतला. पहिल्याच दिवशी मोटर थेट सुरू केली आणि स्रोत बंद पडला. सुरू होताना मोटर सहापट प्रवाह ओढते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी किंमतपत्रक बघत होतो, मोटर नव्हे. व्होल्टेज आणि वारंवारता हळूहळू चढवून मोटर चालवता येते आणि ती किती तापते तेही कळतं. पण गिऱ्हाईकाला हवी होती ती थेट सुरू होण्याची चाचणी.

कुणीतरी स्वस्त उपाय सुचवला, साधा ड्राइव्हच जोडा. ड्राइव्ह मोटरीचा वेग बदलायला उत्तम. पण त्यातून बाहेर पडते ती तुकड्यातुकड्यांची लहर. फिल्टर न लावता तिच्यावर मोटर तापवली, तर ग्रीडवर तापते त्यापेक्षा जास्त तापते आणि चांगला मालही नापास होतो. शेवटी सुरुवातीच्या चाचण्या जुन्या जोडीवर, १८०० फेऱ्यांवर घेतल्या. तापमानाच्या चाचण्या नव्या कपाटावर.

यथावकाश ग्रीडही सुधारलं. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात फ्रिक्वेन्सी उतरली असताना ठरल्याहून जास्त वीज ओढणाऱ्या राज्याला जबर दर पडू लागला. जे अभियंत्यांच्या विनवण्यांनी झालं नव्हतं, ते बिलाने झालं. महाराष्ट्रात भारनियमन मात्र पुढेही चालूच राहिलं. काटा सरळ झाला म्हणून वीज वाढत नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाशी जोडलं आणि २०१४ मध्ये ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा ठरला.

आता पन्नाससाठी रात्री जागायला नको. पण साठ हर्ट्झचे देश आहेतच. जपानमध्ये तर पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०, एकाच देशात. म्हणून नव्या मुलांनी विचारलं, की मी आधी विचारतो, "पहिल्या सेकंदाला तुमची मोटर किती ओढते?" आमची ती जुनी जोडी मी निवृत्त झालो तेव्हा पायावरच होती. बेअरिंग दोनदा बदललं होतं.